७०६, युनियन अव्हेन्यू

२००६ साली कंपनीच्या कामासाठी चार महिने मेम्फिसला होतो. आठवडाभर ऑफिस, शनिवार-रविवार कपडे धुणे आणि घरी फोन. मेम्फिसला जाऊन एल्विस प्रेस्लीचं घर पाहिलं नाही तर लोक वेड्यात काढतात, म्हणून ग्रेसलँड उरकलं. पण डोक्यात राहिली ती ७०६, युनियन अव्हेन्यूवरची सन स्टुडिओची खोली. बाहेरून पाहिलंत तर सायकल दुरुस्तीचं दुकान समजून पुढे निघून जाल.

सॅम फिलिप्स हा रेडिओ स्टेशनवरचा इंजिनिअर. जानेवारी १९५० मध्ये त्याने इथे 'मेम्फिस रेकॉर्डिंग सर्व्हिस' सुरू केली. लग्नं, भाषणं, अगदी अंत्यविधीसुद्धा, जे सांगाल ते आणि जिथे सांगाल तिथे येऊन रेकॉर्ड करून देणार. हा झाला पोटापाण्याचा धंदा. त्याचा खरा ओढा कृष्णवर्णीयांच्या ब्लूजकडे. वर्णभेद कायद्यानेच चालायचा अशा त्या काळात आणि त्या गावात बी. बी. किंग, हाउलिन वुल्फ हे लोक याच खोलीत गायले.

यंत्रसामग्री यथातथाच. १९५१ मध्ये 'रॉकेट ८८'च्या वेळी गिटारचा अँप्लिफायर वाटेतच बिघडला होता. सॅमने स्पीकरमध्ये कागद कोंबला आणि ती घरघर तशीच रेकॉर्ड केली. लोकांना तीच आवडली! 'हा बग नाही, फीचर आहे' हे आमच्या धंद्यातलं ब्रह्मवाक्य तेव्हाच सिद्ध झालं होतं म्हणायचं. सनचा तो प्रसिद्ध प्रतिध्वनीही असाच. एका टेपमशीनचा आवाज क्षणभर उशिराने दुसऱ्या मशीनमधून परत मिसळायचा, बस्स.

१९५३ च्या उन्हाळ्यात अठरा वर्षांचा एक मुलगा आला, पदरचे चारेक डॉलर भरून दोन गाणी रेकॉर्ड करून घेऊन गेला. ऑफिस सांभाळणाऱ्या मॅरियन किस्करने त्याचं नाव लिहून ठेवलं. पुढच्या वर्षी सॅमने त्याला बोलावलं. ५ जुलै १९५४ ला बराच वेळ काहीच जमेना. मधल्या सुट्टीत त्याने गंमत म्हणून आर्थर क्रडपचं एक जुनं ब्लूज गाणं उड्या मारत म्हणायला सुरुवात केली, आणि सॅमचे कान टवकारले. पुढचा इतिहास सगळ्यांना पाठ आहे. नोव्हेंबर १९५५ मध्ये एल्विसचा करार सॅमने ३५,००० डॉलरला आरसीएला विकला.

माझं म्हणणं असं की आपण ही गोष्ट उलटी सांगतो. जणू ती खोली एल्विससाठीच बांधली होती! एल्विस सापडला, कारण पैसे भरून येणाऱ्या कुठल्याही सोम्यागोम्याचा आवाज तिथे ऐकला जायचा. आणि एल्विस सापडल्यावर काय झालं? सनला पहिलं हिट गाणं १९५३ मध्ये रुफस थॉमस या कृष्णवर्णीय गायकाने दिलं होतं. एल्विसनंतर सॅमचं लक्ष गोऱ्या मुलांकडे वळलं आणि रुफससारखे मागे पडले. ही सल त्याने पुढे जाहीरपणे बोलून दाखवली. यश आलं की सगळ्यात आधी दार अरुंद होतं. सॅमबद्दल आदर ठेवूनही हे म्हणायलाच हवं.

आता जरा घरचं. माझी आजी जात्यावरच्या ओव्या म्हणायची. बाबांनी एका कॅसेटवर तिचा आवाज भरून ठेवला होता आणि कोणी पुसू नये म्हणून कॅसेटच्या मागचे टॅब मोडून टाकले होते. मी सातवीत होतो. त्या भोकांवर चिकटपट्टी लावली आणि रेडिओवरची सिनेमाची गाणी भरली. आजी तेव्हा जाऊन वर्ष झालं होतं. बाबा काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यातल्या कितीतरी आज त्या बायकांच्याच आवाजात ऐकता येतात. त्या बायका 'हिट' नव्हत्या. कोणीतरी समोर बसून ऐकलं, एवढंच. मी त्या अधूनमधून लावतो. आजीच्या तोंडची एखादी ओवी येईल असं वाटत राहतं.

सॅमकडे होती त्याच्या कितीतरी पट चांगली यंत्रणा आज आपल्या खिशात आहे. त्यामुळे स्टुडिओ नाही, मशीन नाही, ही सबब आता चालणार नाही. घरात कोणी ओव्या, आरत्या, भारुडं म्हणणारं असेल, नुसतं लहानपणीचं गाव सांगणारं असेल, तर याच रविवारी फोन समोर ठेवा आणि गप्प बसून ऐका. आणि हो, एक कॉपी दुसरीकडे ठेवा. घरातल्या सातवीतल्या पोरावर विश्वास ठेवू नका.