ट्रॉलीच्या मागची पट्टी

लासलगावात कांद्याचा ट्रॅक्टर नुसता येऊन जात नाही. आधी तो बाजार समितीत लिलावाच्या रांगेत लागतो. सौदा झाला की काट्यावर वजन, मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल खाली आणि शेवटी रिकाम्या ट्रॉलीसह घरची वाट. हंगामात अशा शेकडो गाड्या गावात फिरतात. त्यांच्याच बाजूने मुले शाळेत जातात, एसटी आगाराकडे वळते, विंचूर-चांदवडची वाहने धावतात. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या बाजार समितीने गावाचे नाव देशभर नेले. रस्ते त्या वेगाने वाढले नाहीत.

घटनेच्या अकराव्या अनुसूचीत रस्ते आणि पूल हे पंचायतींचे विषय आहेत. प्रत्यक्षात गल्लीबोळ ग्रामपंचायतीकडे, ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे, मोठे रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, तर आवार बाजार समितीकडे. अपघात झाल्यावर जबाबदारी नेमकी कोणाची, हे शोधण्यातच वेळ जातो.

जबाबदारी अशी विखुरलेली असताना नुसते किती डांबर पडले यावर प्रगती मोजणे चुकीचे आहे. गुळगुळीत रस्त्यावर वेग वाढतो आणि मागे दिवा नसलेली ट्रॉली अंधारात दिसेपर्यंत ब्रेक दाबायला उशीर झालेला असतो. बाह्यवळण रस्ता हवाच, पण तो होईपर्यंत थांबायचे कशाला? लिलावाला येणारी गाडी बाजार समितीच्या फाटकातूनच आत येते. नोंद करतानाच ट्रॉलीला रिफ्लेक्टर पट्टी आहे का ते पाहावे, नसेल तर तिथेच चिकटवून द्यावी. शेतकऱ्याला दंड नको, पट्टी द्या. बाजार शुल्कातून एवढा खर्च सहज निघेल.

अपघाताचा धोका लांबचा नाही. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे नाशिकच्या नांदूर नाक्याजवळ खासगी बस आणि ट्रकची धडक होऊन बस पेटली. १२ जण गेले. विंचूरवरून जाणारा छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचा औरंगाबाद) रस्ता तो हाच. राष्ट्रीय महामार्गांच्या निकषानुसार ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत ५ गंभीर अपघात किंवा १० मृत्यू झाले, की ती जागा ‘ब्लॅक स्पॉट’ ठरते. म्हणजे दखल घ्यायलाही आधी माणसे जावी लागतात.

गावाने इतकी वाट पाहू नये. थोडक्यात टळलेल्या अपघातांचीही नोंद ग्रामपंचायतीने ठेवावी आणि ग्रामसभेच्या ठरावासह ती जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे पाठवावी. उन्हाळ कांद्याची आवक वाढण्यापूर्वी हा ठराव व्हायला हवा.