गोडाची ओढ आणि घरचा आग्रह

वजन उतरवण्याचा निश्चय करणाऱ्यांची आपल्याकडे उणीव नाही. गुढीपाडव्याला, वाढदिवशी किंवा रक्ततपासणीचा अहवाल हाती पडला त्या दिवशी असे निश्चय होतात. पहाटेचे फिरणे सुरू होते, तळण बंद होते, भाताचा ढीग निम्मा होतो. आणि पंधरवडा उलटण्यापूर्वीच दुपारच्या चहासोबतची दोन बिस्किटे, जेवणानंतरचा बर्फीचा तुकडा आणि रात्री कुणी कौतुकाने आणलेले आइस्क्रीम यांत तो निश्चय विरघळून जातो. मग त्या व्यक्तीवर 'मनाचा दुबळा' असा शिक्का मारून सर्व मोकळे होतात. हा निवाडा अन्यायाचा आहे आणि शास्त्राच्या कसोटीवरही तो उतरत नाही.

प्रश्न चैनीचा किंवा दिसण्याचा राहिलेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही असून आणखी १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे आहेत. पोटाभोवतीची चरबी प्रौढांपैकी सुमारे ३९.५ टक्के लोकांत आढळली. भारतीयांच्या शरीरात कमी वजनालाही कमरेभोवती मेद साठतो. म्हणून युरोपीय माणसाला अतिवजनाचा जो २५ हा निर्देशांक लावला जातो, तो भारतीयांसाठी २३ मानला जातो. संसाराचा भार वाहणारा चाळिशीतला माणूस यात सापडला की सारे घर सापडते.

साखरेचे स्फटिक करण्याची विद्या या भूमीने जगाला दिली. संस्कृतातील 'शर्करा' फारसी आणि अरबी भाषांतून प्रवास करीत इंग्रजीत 'शुगर' झाली आणि 'खंड' या शब्दाचे 'कँडी' झाले. मात्र ज्या भूमीने साखर दिली, तिने गोडाला एक जागा आणि एक मापही दिले होते. प्रसाद घ्यायचा तो उजव्या तळहाताच्या खोलगटात मावेल एवढा. मोदक भाद्रपदात, पुरणपोळी होळीला, तिळगूळ संक्रांतीला. मधल्या दिवसांत जिभेला भाकरी, आमटी, ताक यांचीच संगत असे. पुढे युरोपीय सत्तांनी गुलामांच्या आणि नंतर गिरमिटियांच्या घामावर उसाचे मळे पिकवले (मॉरिशसच्या मळ्यांवर मराठी माणसेही राबली), साखर स्वस्त झाली आणि सणाची वस्तू रोजची झाली. महाराष्ट्रात तर साखर कारखाना हाच ग्रामीण अर्थकारणाचा कणा ठरला. त्याबद्दल शेतकऱ्याला दोष देण्याचे कारण नाही. पण पिकवण्याचा अभिमान आणि खाण्याचे प्रमाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आजची साखर सणाच्या ताटातून फारशी येत नाही, ती चहातून येते. एका कपात दोन चमचे, म्हणजे साधारण दहा ग्रॅम. दिवसाचे चार कप म्हटले तर चाळीस ग्रॅम आणि वर्षाकाठी साडेचौदा किलो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये घातलेली मर्यादा प्रौढाला दिवसाला सुमारे पन्नास ग्रॅमची आहे आणि शक्यतो ती पंचवीसवर आणावी असा सल्ला आहे. म्हणजे बिस्किट, सरबत, सॉस यांचा हिशेब मांडण्याआधीच चहाने ही इष्ट मर्यादा ओलांडलेली असते. गणेश चतुर्थीला खाल्लेल्या दोन मोदकांनी कुणाचे वजन वाढत नाही. वर्षभराच्या त्या चहाला मात्र कुणी पक्वान्न समजत नाही.

आता त्या ओढीविषयी. सायंकाळी चार-पाचला गोडाची जी तीव्र इच्छा होते, तिचे मूळ पुष्कळदा सकाळी असते. वजन उतरवायचे म्हणून न्याहारी टाळली, दुपारी दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी यांवर भागवले, तर शरीर सायंकाळी त्वरित मिळणारी ऊर्जा मागते. मैद्याची बिस्किटे ती देतात. रक्तातील साखर झपाट्याने चढते, झपाट्याने उतरते आणि भूक पुन्हा जागी होते. रात्रीची झोप अपुरी असेल तर भूक वाढवणारे स्राव वाढतात आणि तृप्ती देणारे घटतात. ज्याच्या दुपारच्या ताटात वाटीभर उसळ, घट्ट वरण, कोशिंबीर आणि ताक असते आणि जो वेळेवर झोपतो, त्याला सायंकाळी मूठभर फुटाणे पुरतात. चहातील साखर एकाएकी तोडण्याऐवजी दर पंधरवड्याला अर्धा चमचा कमी केली तर जीभ नकळत जुळवून घेते. काही महिन्यांनी जुना चहाच अतिगोड लागू लागतो. (मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने मात्र वैद्यांना विचारल्याशिवाय आहारात असा फेरफार करू नये.)

येथे स्वदेशीच्या नावाने होणाऱ्या एका फसवणुकीकडेही बोट दाखवले पाहिजे. 'साखर वाईट, गूळ चांगला' असे म्हणत गुळाचे लाडू, गुळाचा चहा, गुळाची चिक्की यांवर ताव मारणारे घरोघर आहेत. गुळात खनिजे किंचित अधिक, पण उष्मांक जवळजवळ साखरेइतकेच. मधाचीही गत फारशी निराळी नाही. चरकाचार्यांनी प्रमेहाची कारणे सांगताना बसून राहण्याचे सुख आणि झोपेचे सुख यांच्याबरोबर गुळाच्या पदार्थांचाही स्पष्ट निर्देश केला आहे. आयुर्वेदाचा दाखला द्यायचा तर तो सोयीपुरता देऊन चालत नाही. उपवासाचेही तेच. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण साबुदाण्याच्या खिरीला चपखल लागू पडते. दुसऱ्या टोकाला कृत्रिम गोडीच्या पुड्या आहेत. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी त्यांचा वापर करू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेनेच २०२३ मध्ये सांगितले. २०२५ पासून वजन उतरवणारी नवी इंजेक्शनेही भारतात मिळू लागली. काही रुग्णांना त्यांची खरीच गरज असते. पण सायंकाळच्या बिस्किटावर तो उपाय नव्हे.

मग उपाय कोणता? तो आपल्याच घरात पडून आहे. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत एखादा पदार्थ वर्ज्य करण्याची चातुर्मासाची रीत मराठी घरांना नवी नाही. या रीतीचे मर्म असे की नियम नेमका असतो, त्याला मुदत असते आणि तो घरातल्या सर्वांना ठाऊक असतो. 'यंदा वांगे सोडले आहे' असे आजीने सांगितले की तिच्या ताटात वांगे वाढण्याचे धाडस कुणी करीत नसे. उलट आज एखादी सून 'डाएटवर आहे' असे म्हणाली की तिची चेष्टा होते आणि जावयाने गुलाबजाम नाकारला तर यजमानाचा अपमान होतो. व्रतापुढे हात जोडणारा समाज पथ्यापुढे मात्र आग्रहाची पळी पुढे करतो. 'एकाने काय होते' या वाक्याने जेवढे निश्चय मोडले असतील, तेवढे जिभेच्या लालसेनेही मोडले नसतील.

गांधीजी आणि विनोबा यांच्या एकादश व्रतांतले अस्वादव्रत आश्रमवासीयांसाठी होते. प्रापंचिकाला ते झेपणे कठीण. गोड आयुष्यातून हद्दपार करण्याची प्रतिज्ञाही बहुधा पहिल्याच लग्नसमारंभात मोडते आणि मोडल्याच्या निराशेत पुढचा आठवडा हातचा जातो. चातुर्मासी नियम प्रापंचिकाच्या आवाक्यातला आहे: चार महिने बिस्किट नाही, गोड केवळ सणाला आणि तेही जेवणाच्या ताटात, मधल्या वेळी नाही. पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ मध्ये एकात्म मानवदर्शन मांडताना शरीर, मन, बुद्धी आणि आत्मा यांच्या सुखाचा एकत्र विचार करण्यास सांगितले होते. केवळ उष्मांक मोजणारी पद्धत शरीरापाशी थांबते. नियमाला घराचा मान मिळाला की मनाचेही बळ त्यात उतरते.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२५ मध्ये संलग्न शाळांना 'साखर फलक' लावण्यास सांगितले, हे पाऊल योग्य दिशेचे आहे. परंतु शाळेत फलक वाचून आलेले मूल सायंकाळी मंडळाच्या कार्यक्रमात पेढ्यांचे खोकेच पाहणार असेल तर फलक पुसला जाणारच. सत्काराला मिठाईऐवजी नारळ, हळदीकुंकवाला बर्फीऐवजी भिजवलेल्या हरभऱ्यांची जुनी ओटी, प्रसादाला चिमूटभर पंचखाद्य यांत खर्च तर कमीच आहे. सामाजिक संस्थांच्या बैठकांतही आधीच साखर घातलेला चहा आणि बिस्किटांची बशी कुणालाही न विचारता फिरते. तो चहा बिनसाखरेचा करून साखरेचे भांडे शेजारी ठेवायला कोणत्याही ठरावाची आवश्यकता नाही. स्वयंपाकघरात आदल्या दिवशी निरोप पोचला की पुरे.