तपासणीला जायचे, पण कसे?

उजनीच्या काठावरील गावांत साठी ओलांडलेल्या माणसासमोर ‘बार्शी लाईट’ हे दोन शब्द उच्चारावेत आणि आपण गप्प बसावे. पुढचा अर्धा तास तोच बोलत राहतो. कुर्डुवाडीहून सुटणारी ती छोटी गाडी, तिच्यातील गर्दी, तिचा रमतगमत चालण्याचा स्वभाव आणि पंढरीच्या वाऱ्या. माझ्या दवाखान्यात येणाऱ्या एका आबांनाही या गाडीचे भारी वेड. वय अठ्ठ्याहत्तर, हृदयाचे आकुंचन अशक्त झालेले, त्यामुळे पायांवर सूज येणारी. त्यासाठी त्यांना रोज सकाळी लघवीची गोळी सुरू आहे.

मागील वर्षी मी त्यांना हृदयाच्या तपासणीसाठी बार्शीला जाण्यास सांगितले. चिठ्ठी लिहिली, जुने कागद लावून दिले आणि पुढील रुग्णाला आत बोलावले. ते कसे जाणार, हे मात्र विचारले नाही.

आबा एसटीने कुर्डुवाडीला व तेथून दुसऱ्या गाडीने बार्शीला गेले. वाटेत लघवीला जावे लागले तर पंचाईत होईल, या संकोचापायी त्यांनी आदल्या दिवशीची आणि त्या दिवशीची, अशा दोन्ही गोळ्या घेतल्या नाहीत. दुपारी बसस्थानकावर भजी आणि शेव खाल्ली. त्या रात्री त्यांना आडवे झोपता येईना. पहाटे सूनबाई त्यांना घेऊन आल्या, तेव्हा ते बसल्या जागी धापा टाकत होते. उपचार वेळेत मिळाले आणि ते सावरले. दोन दिवसांनी म्हणाले, “डॉक्टरसाहेब, बार्शी लाईटला असला घोर नसायचा. डबा बुटका, माणसं ओळखीची. हात धरून वर घ्यायची.”

ही गाडी होती तरी कशी? ‘लाईट’ म्हणजे दिवा नव्हे; हलकी रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने आखलेला हा अडीच फूट रुंदीचा लोहमार्ग १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी असा सुरू झाला. १९०६ मध्ये तो पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचला. १९५४ मध्ये तो सरकारकडे आला. या शतकाच्या पहिल्या दशकात अरुंद रूळ जाऊन ब्रॉडगेज आले. वेग वाढला, लांबची गावे जोडली गेली. ते चांगलेच झाले. परंतु वृद्धाच्या गुडघ्याला वेगापेक्षा पायरीची उंची अधिक जाणवते.

आबांच्या त्या रात्रीपासून मी चिठ्ठी देताना एक प्रश्न हमखास विचारतो: “कसे जाणार? सोबत कोण?” तपासणीपर्यंतचा प्रवास हादेखील उपचाराचाच भाग आहे. आपणही घरी हा प्रश्न विचारावा, आणि पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

प्रथम गोळ्या. लघवीची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. प्रवासाच्या दिवशी ती कोणत्या वेळी घ्यावी, हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. पुष्कळदा वेळ पुढे सरकवता येते. मधुमेही व्यक्तीला उपाशीपोटी रक्त द्यायचे असेल, तर त्या सकाळच्या गोळीचे वा इन्सुलिनचे काय करायचे, हेही आदल्या दिवशीच ठरवून घ्यावे. खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी असावी. दरदरून घाम, हातांना कंप, असंबद्ध बोलणे अशी लक्षणे दिसताच, शुद्ध असेल तर ती तोंडात द्यावी.

दुसरे पाणी. लघवी लागेल म्हणून दिवसभर पाणी न पिणे हा आपल्याकडील, विशेषतः माताभगिनींचा, जुना रिवाज. सोलापूरच्या उन्हात तो घातक ठरतो. डॉक्टरांनी पाण्याचे प्रमाण ठरवून दिले असेल तर तेवढेच, अन्यथा घोट घोट पाणी घेत राहावे. गाडी बदलण्याच्या ठिकाणी आधी स्वच्छतागृह गाठावे, मग चहा.

तिसरी पायरी. चढताना बळकट पाय आधी वर जातो. उतरताना दुखरा पाय आधी खाली. सोबत्याने चढताना मागे राहावे आणि उतरताना आपण आधी उतरून खाली उभे राहावे. रेल्वेच्या उंच डब्यातून उतरताना वृद्धाने तोंड डब्याकडे करून, दोन्ही दांड्या धरून, सावकाश उलटे उतरावे. घाई करणाऱ्यांना पुढे जाऊ द्यावे. बसल्या जागी घोटे अधूनमधून वर-खाली हलवावेत. प्रवासानंतर एकच पाय सुजला व दुखू लागला, तर त्याच दिवशी दाखवावे.

पैशांच्या विवंचनेने तपासणी टाळणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगतो. ७५ वर्षे पूर्ण केलेल्यांना २०२२ पासून एसटीचा प्रवास विनामूल्य आहे, आणि ६५ ते ७५ वयोगटाला अर्धे तिकीट. वयाचा पुरावा मात्र जवळ हवा.

शेवटी त्या छोट्या गाडीकडे पुन्हा वळतो. तिचे रूळ हलके होते, तरी माल भरपूर वाहिला जाई. कारण कॅलथ्रॉपने प्रत्येक आसावर पाच टनांहून अधिक भार पडू नये, अशी मांडणी केली होती. ओझे सर्व चाकांवर सारखे वाटले होते. घरातील आजारपणाचेही असेच आहे. सारा भार एकट्या सूनबाईंवर टाकू नये. एकाने नंबर लावावा, एकाने गोळ्यांची यादी लिहावी, नातवाने स्थानकावर न्यायला यावे.

या वर्षी आबा पुन्हा बार्शीला जाऊन आले. गोळीची वेळ आम्ही ठरवून घेतली होती. डब्यापुढे धाकटा नातू उभा होता. हात धरून त्यानेच आजोबांना वर घेतले.