सूर्यप्रकाश आणि हिशेब

जर्मनींत १९५० सालीं फोक्सवॅगन कंपनीची लहान बस निघाली. पुढच्याच वर्षापासून तींत निजण्याची व स्वयंपाकाची सोय होऊं लागली. अशीं जुनीं चाकांवरचीं घरें दुरुस्त करून छपरावर सूर्यविजेचे फलक बसविण्याचा छंद आज युरोपांत अनेकांस आहे. छंद स्तुत्य खरा. परंतु फलक बसविले कीं काम झालें, ही समजूत चुकीची होय.

२०० वॉटच्या फलकांस पांच तास कडक ऊन मिळालें, तरी फार तर १,००० वॉट-तास वीज लाभते. तीच बॅटरींत साठवून रात्र काढावयाची. पांच वॉटचा दिवा पांच तासांत अवघे २५ वॉट-तास घेतो. २,००० वॉटची विजेची शेगडी मात्र अर्ध्या तासांत दिवसभराची कमाई संपविते. म्हणून आधीं छपराची गळती व पत्र्याचा गंज काढावा, मग गरजांची यादी करावी, आणि शेवटीं फलक चढवावे. गळक्या छपरास आणखी भोंकें पाडणारा शहाणा नव्हे.

विद्यार्थिमित्रहो, सूर्यप्रकाश हें परमेश्वराचें फुकट दान आहे. पण तें मोजून मिळतें. अंथरूण पाहून पाय पसरण्याचा घरचा धडा ह्या गाडींतहि खरा ठरतो.