आवाज कुणाचा... हेडरचा!

आपल्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये एक गैरसमज पक्का बसलेला आहे : गाडीचा आवाज वाढला म्हणजे गाडीची ताकद वाढली. माझं मत याच्या बरोबर उलटं आहे. चांगला हेडर बसवल्यावर गाडी फार बदललेली वाटू नये. जो हेडर चार गल्ल्या सोडून ऐकू येतो, त्याने बहुतेक वेळा पॉवर नाही, पेट्रोल वाढवलेलं असतं.

(मराठी सेक्शनमध्ये टेक्निकल लिहितेय म्हणून आधीच सांगते, माझी शाळा कॉन्व्हेंटची. "एक्झॉस्ट" ला "निष्कास" म्हणायला माझी जीभ वळत नाही. सांभाळून घ्या.)

हा विषय डोक्यात आला तो आमच्या येडशीमुळे. येडशी म्हणजे सोलापूर-धुळे हायवे आणि लातूर-बार्शी रोड जिथे एकमेकांना भेटतात तो धाराशिव जिल्ह्यातला नाका. इथे रात्री अंथरुणात पडून आवाजावरून गाडी ओळखता येते. माझ्या चुलत भावाने, म्हणजे दादाने, सेकंडहँड होंडा सिटी घेतली, जुनी १५०० सीसी व्हीटेक. कंपनीच्या आकड्यांत १०६ बीएचपी. कुणी म्हणेल ही कुठे स्पोर्ट्स कार! अहो, आपल्याकडे खऱ्या अर्थाने दोन सीटची, बिनटपाची म्हणावी अशी गाडी म्हणजे गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म. फायबरची बॉडी आणि आत रेनॉचं ११४९ सीसीचं, साधारण ६० बीएचपीचं इंजिन! तेव्हा गरिबाची स्पोर्ट्स कार म्हणून सिटी व्हीटेकला नावं ठेवायचं कारण नाही. तर दादाला तिला "स्वस्तात हेडर" बसवायचा होता आणि घरात मेकॅनिकलची एकच स्टुडंट, मी.

आधी फंडा क्लिअर करू. इंजिनमधून जळालेला वायू बाहेर येतो तो सलग नाही, ठोक्याठोक्याने. चार सिलिंडरचं इंजिन ६००० आरपीएमला फिरत असेल तर सेकंदाला २०० ठोके. कंपनीच्या बिडाच्या मॅनिफोल्डमध्ये चारही सिलिंडरचे ठोके एका छोट्याशा पोकळीत येऊन आदळतात. एकाचा वायू बाहेर पडत असतो तेव्हा दुसऱ्याचा दाब त्याला आडवा येतो, एसटीच्या दारात चढणारे आणि उतरणारे एकदम भिडतात तसं. हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतःची, शक्यतो सारख्या लांबीची नळी मिळते. ठोका नळीच्या टोकाला पोचला की तिथून कमी दाबाची लाट उलटी फिरते आणि नेमक्या वेळी व्हॉल्व्हपाशी पोचली तर उरलासुरला वायू ओढून काढते. गरम वायूत ही लाट सेकंदाला ५००-६०० मीटरने धावते, म्हणून नळीची लांबी महत्त्वाची. ही "नेमकी वेळ" एका ठराविक आरपीएमलाच जुळते, सगळीकडे नाही.

म्हणूनच दुकानदार "फोर-वन घ्या, रेसिंगचा आहे" म्हणाला की कान टवकारायचे. फोर-वन, म्हणजे चार नळ्या एकदम एकीत, हा वरच्या आरपीएमला फायदा देतो. फोर-टू-वनमध्ये आधी १ आणि ४, २ आणि ३ अशा जोड्या लागतात. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, त्यामुळे जोडीतले ठोके एकमेकांपासून बरोब्बर एक पूर्ण फेरा लांब राहतात. याचा फायदा मधल्या आरपीएमला होतो. आता मला सांगा, येडशीहून धाराशिवला जाताना, पुढे ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या उसाने भरलेल्या असताना, कोण ६५०० आरपीएमला चालवतंय? फोर-टू-वनचा तोटा एकच, नळ्या खाली लोंबतात. आणि आपल्याकडचे स्पीडब्रेकर कुठल्या स्टँडर्डने बांधतात हे सिव्हिलवाल्यांनी सांगावं.

किती पॉवर वाढेल? शंभरेक बीएचपीच्या इंजिनात नुसत्या हेडरने वाढलीच तर बोटांवर मोजण्याइतकी. ज्यांना "वीस घोडे वाढले" असं कुणी सांगितलं असेल त्यांनी डायनोचा कागद मागावा. आणि नवीन टर्बो गाड्यांचा तर प्रश्नच नाही. पोलोच्या १.० टीएसआयमध्ये मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतलेला आहे, बाहेर लावायला हेडरला जागाच उरत नाही.

आता स्वस्त या शब्दाकडे येऊ. पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे नाही, सगळं गणित इथे आहे. पॉलिश, लोगो, निळसर झाक यांवर वाचवा. फ्लँज आणि वेल्डिंगवर वाचवू नका. स्वस्त हेडरची फ्लँज पातळ असते आणि वेल्डिंगच्या उष्णतेने केळ्यासारखी वाकते. दुकानातच तिच्यावर सरळ पट्टी उभी धरा आणि खाली फीलर गेज सरकवून पाहा. ०.१५ मिमीचं पान आरामात आत जात असेल तर हेडर परत ठेवा, किंवा मशीन शॉपमध्ये फेसिंगचा खर्च धरून भाव करा. लोहचुंबकाची टेस्टही करा, पण तिच्यावर आंधळा विश्वास नको. ३०४ स्टेनलेसला चुंबक जवळजवळ चिकटत नाही, साध्या लोखंडाला चिकटतो हे खरं. पण कंपन्या एक्झॉस्टसाठी वापरतात त्या ४०९ ग्रेडलाही तो चिकटतो आणि ४०९ काही वाईट नाही. उलट ३०४ ची वेगळीच खोड आहे, ते तापल्यावर जास्त फुगतं. अर्धा मीटर नळी ६०० अंशांनी तापली तर साधारण ५ मिमी लांब होते, साधं लोखंड साडेतीन. हे वाढणं सामावून घ्यायला जागा नसेल तर वेल्डजवळ तडा ठरलेला. नळीची जाडी दीड मिमीच्या आसपास असली की जीव शांत.

इथे माझं एक मत आहे ज्यावर आमचा आख्खा ग्रुप हसला. ऑनलाइन मागवलेल्या, कुठल्या गाडीसाठी बनलाय हेच नीट न कळणाऱ्या हेडरपेक्षा आपल्याच भागातला आर्गन वेल्डर बरा. कुठला? तर दुधाच्या टाक्या बनवणारा! आमच्या जिल्ह्यात कुंथलगिरीचा पेढा प्रसिद्ध, भूमकडे खव्याचा धंदा मोठा. दूध-खव्याला लागणारी टाकी ३०४ ची असते आणि तिच्या आतला सांधा गुळगुळीत लागतो, नाहीतर दूध नासतं. म्हणजे नळीच्या आतूनही आर्गन सोडून वेल्ड करायचा, मागच्या बाजूला काळी खरखरीत खपली येऊ द्यायची नाही, हे त्या माणसाला कुणी शिकवायची गरज नाही. हेडरला नेमकं हेच लागतं. त्याला नळ्यांची लांबी आणि वळणं कागदावर नीट काढून देणं, हे मात्र आपलं काम. चार वर्षं इंजिनिअरिंग ड्रॉइंग कशासाठी केलंय? (तो वेल्डर पहिला अर्धा तास सगळी उत्तरं दादाकडे बघून देत होता, प्रश्न मी विचारत होते. फ्लँजवर सहा ठिकाणी गेज लावल्यावर माझ्याकडे बघायला लागला.)

आणि आता खरा मुद्दा, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. कॅट.

दादाला एका गॅरेजवाल्याने ऑफर दिली : "हेडर लावताना कॅट काढून सरळ पाइप टाकू, काढायचे पैसे पण नको." किती दिलदार माणूस ना! कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं. काढलेला कॅट भंगारात चांगल्या भावाने जातो. फुकटचा अर्थ एवढाच. हे धातू कार्बन मोनॉक्साइड, न जळालेलं पेट्रोल आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांचं बरंचसं निरुपद्रवी वायूंत रूपांतर करतात. तो डबा काढून मिळणारी पॉवर जेमतेम आणि बाहेर पडणारं विष पूर्ण.

"पण पीयूसी निघतं की," हे दादाचं उत्तर. निघत असेलही. पण गाडी जुनी आहे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशन रिन्यू करायला ती आरटीओसमोर उभी करावी लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने बनवलेल्या रचनेत मूलभूत बदल चालत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने या कलमाचा अर्थ कडकच लावला. हेडरने मूलभूत रचना बदलते का, यावर वकील वाद घालू शकतात. कॅट नसलेल्या आणि कानठळ्या बसवणाऱ्या गाडीवर वाद घालायला जागा नाही. कलम १९०(२), हवा आणि आवाज दोन्हींसाठी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, वर तीन महिने लायसन्स बाद. पोलिसांनी रोड रोलरखाली चिरडलेल्या सायलेन्सरचे फोटो पेपरात तुम्हीही पाहिले असतील.

मला दंडापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची भीती जास्त वाटते. त्या गाडीत मागे वहिनी आणि चार वर्षांची पिल्लू बसते. हेडरचा सांधा बॉनेटच्या खाली लीक झाला तर वायू तिथेच साचतो आणि केबिनमध्ये हवा घेण्याची जाळी काचेच्या खाली, त्याच बाजूला. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. तुळजापूरच्या रांगेत एसी लावून गाडी उभी आहे, पोरगी "झोपली" आहे... पुढचं लिहवत नाही. म्हणून बसवताना घाई नको.

गाडी पूर्ण थंड. आदल्या रात्री नटांवर गंज सोडवणारं तेल. स्टड तुटला तर हेड उतरवायची वेळ येऊ शकते, मग स्वस्त हेडर किती स्वस्त पडला ते मोजा. गॅसकेट नवीनच, जुनं "चालतंय की" म्हणून नाही. नट मधून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचने. वायरिंग, रेडिएटरचा पंखा, एसी कॉम्प्रेसर, स्टिअरिंग यांपासून नळ्या किती लांब आहेत ते इंजिन हलवून बघा, कारण इंजिन माउंटिंगवर डोलतं. त्यासाठीच हेडर आणि पुढच्या पाइपमध्ये जाळीची लवचिक नळी हवी. पंधरा दिवस चालवून, थंड करून नट पुन्हा तपासा. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी जरा जरी लीक राहिला तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय आणि ईसीयू आणखी पेट्रोल ओततो. "हेडर लावल्यापासून ॲव्हरेज पडलं" म्हणणाऱ्यांनी आधी हे बघावं.

आवाजाच्या भक्तांना एवढंच. आपल्या कॉलेजांच्या टीम ज्या फॉर्म्युला भारतला जातात, तिथेही आवाजाची टेस्ट असते आणि ती पास झाल्याशिवाय गाडी ट्रॅकवर सोडत नाहीत. रेसिंगवाल्यांना सायलेन्सर चालतो, आपल्याला का नाही? आमच्या येडशीला लागून रामलिंग घाट अभयारण्य आहे, दरीत रामलिंगाचं देऊळ, झाडांवर वानरं. त्या घाटात एक बुलेटवाला फटाके फोडत गेला की पुढची दहा मिनिटं एक पक्षी बोलत नाही. उन्हाळ्यात तिथलं गवत नुसतं कडबा झालेलं असतं. खाली लोंबणारा तापलेला हेडर घेऊन त्यावर गाडी पार्क करणाऱ्याला तर मी हात जोडते.

दादाने शेवटी कॅट ठेवलं, सायलेन्सर कंपनीचाच ठेवला आणि त्यांच्या पुढे फक्त फोर-टू-वन बसवायचं ठरवलं. सध्या नळ्या टाकीवाल्याकडे आहेत. सोयाबीनचे पैसे आले की उरलेलं बिल. हेडर लावायच्या आधीचे आकडे आम्ही घेऊन ठेवलेत : सकाळी सहाला, रिकाम्या सरळ रस्त्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये ४० ते ८०, जाताना पाच वेळा आणि येताना पाच वेळा, म्हणजे वारा आणि चढ दोन्ही बाजूंनी मोजले जातात. लावल्यानंतर त्याच रस्त्यावर तेवढ्याच वेळा पुन्हा मोजणार. स्टॉपवॉच माझ्याकडे आहे, दादाकडे देणार नाही.