पिस्टन बदलण्याआधी कारण शोधा

१७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेले. त्या तडाख्यात शहरात दोन हजारांहून अधिक झाडे कोसळली. त्याआधी ५ ऑगस्ट २०२० रोजी कुलाब्याला वाऱ्याने ताशी शंभर किलोमीटरचा वेग ओलांडला होता. परळला केईएम, टाटा आणि वाडिया ही रुग्णालये हाकेच्या अंतरावर आहेत. त्या वाटेवर एखादा गुलमोहर आडवा झाला, की रुग्णवाहिका पुढे जाण्याची सारी मदार अग्निशमन दलाच्या किंवा उद्यान खात्याच्या माणसाच्या हातातल्या पेट्रोलच्या करवतीवर असते. म्हणून या करवतीचे इंजिन का बिघडते आणि ते नीट कसे करावे, हा नागरी सुरक्षेचाही प्रश्न आहे.

या टू-स्ट्रोक इंजिनात ऑइलची वेगळी टाकी नसते. पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आधी क्रँककेसमधून जाते आणि त्या पेट्रोलात कालवलेले ऑइलच बेअरिंग, पिस्टन आणि सिलिंडरला वंगण पुरवते. साधारण प्रमाण एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर टू-टी ऑइल. ऐन पावसात, घाईघाईत, कुणाच्या तरी मोटारसायकलमधून काढलेले साधे पेट्रोल ओतले, की मिनिटाला बारा-तेरा हजार फेऱ्या मारणारे इंजिन थोड्याच वेळात जाम होते.

मुंबईच्या दमट हवेत आणखी एक धोका आहे, आणि त्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. आता पंपावरच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. अर्धवट भरलेला कॅन महिनोन्‌महिने पडून राहिला आणि त्यात पुरेसे पाणी उतरले, तर इथेनॉल आणि पाण्याचा थर तळाशी बसतो, ऑइल वरच्या पेट्रोलात राहते. करवतीच्या टाकीतला फिल्टर तळाशीच असतो. म्हणजे ऑइल मोजून घातलेले असूनही इंजिनाला पहिला घोट बिनऑइलचा मिळतो.

बिघाड ओळखण्यासाठी लगेच सगळे इंजिन खोलावे लागत नाही. दोरी ओढताना हाताला नेहमीचा जोर लागतो का, ते आधी पाहावे. मग प्लगच्या जागी गेज लावून कॉम्प्रेशन मोजावे. दर चौरस इंचाला शंभर पौंडांच्या खाली गेले तर संशय पक्का. त्यानंतर सायलेन्सर काढून बॅटरीच्या उजेडात धूर बाहेर पडण्याच्या तोंडातून आत डोकवावे. पिस्टनची बाजू आणि रिंग तिथे समोरच दिसते. चांगला पिस्टन गुळगुळीत असतो, बिघडलेल्यावर उभे ओरखडे दिसतात. ते फक्त सायलेन्सरच्या बाजूला असतील, तर मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त होत होती, किंवा इंजिन तापत होते. चहूबाजूंनी असतील, तर बहुधा ऑइलच मिळाले नव्हते. कार्बोरेटरच्या बाजूला धातू राखाडी, खरवडल्यासारखा झिजलेला दिसला, तर एअर फिल्टरमधून भुसा आणि धूळ आत गेली. जळालेल्या पिस्टनवर त्याच्या मरणाचे कारण असे लिहिलेले असते. ते वाचणारा डोळा हवा.

मिश्रणात हवा जास्त होण्यामागे अनेकदा फाटलेले ऑइल सील किंवा तडकलेली रबरी नळी असते. खटका सोडल्यावरही इंजिन शांत न होता रेसच राहणे ही त्याची ठळक खूण. अशा वेळी इंजिनाची तोंडे बंद करून आत हलका दाब द्यावा, सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत आणि मग उलट हवा ओढूनही तपासावे. दाब धरून ठेवणारे सील ओढताना गळू शकते, आणि चालत्या क्रँककेसमध्ये दोन्ही प्रकार आलटून पालटून होतच असतात. ही तपासणी न करता नवा पिस्टन बसवला, तर तोही त्याच वाटेने जातो. आमच्या मते खरा अपव्यय इथे आहे.

मुंबईतल्या जुन्या मेकॅनिकांचा हात चेतक आणि लँब्रेटा स्कूटरवर बसलेला आहे. सिलिंडर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घालायचा, ही त्या काळातली उत्तम दुरुस्ती. पण ते सिलिंडर बिडाचे होते. करवतीच्या चांगल्या सिलिंडरला आतून निकेलचा पातळ, अतिशय कठीण मुलामा असतो. तो बोअर केला की संपला. त्याला चिकटलेले पिस्टनचे अ‍ॅल्युमिनियम मात्र काढता येते. जाणकार कारागीर हातमोजे घालून, मोकळ्या हवेत, सौम्य केलेले मीठआम्ल फक्त त्या डागावर लावतो आणि लगेच धुऊन काढतो. खाली मुलामा शाबूत निघाला, तर नवा पिस्टन आणि नव्या रिंगा पुरेशा आहेत. नखाला खाच लागली किंवा मुलामा उडालेला दिसला, तर सिलिंडर बदलणे भाग आहे. बोथट साखळीचाही इथे उल्लेख हवा. धार गेली की कीस न पडता पीठ पडते, माणूस करवत दाबून धरतो, तेच ओले पीठ सिलिंडरच्या थंडाव्याच्या पात्यांत बसते आणि इंजिन तापते.

पावसाळ्याआधी धोकादायक फांद्यांच्या छाटणीचा आढावा दरवर्षी होतो. एफ दक्षिण असो, जी उत्तर असो वा डी, महापालिकेच्या प्रत्येक विभाग कार्यालयाने त्याच वेळी आपल्या आणि कंत्राटदाराच्या करवतींचे कॉम्प्रेशन मोजून नोंदवावे, जुने मिश्रण टाकून द्यावे आणि कॅनवर मिश्रणाची तारीख लिहावी. सोसायट्यांनीही छाटणीवाल्याला हे विचारायला हरकत नाही. आणि दुरुस्तीचे बिल मंजूर करण्यापूर्वी दोन गोष्टी मागाव्यात. काढलेला जुना पिस्टन, आणि तो का जळाला याचे एका ओळीत लेखी कारण. ते नसेल, तर बिल परत पाठवावे.