गटाराचा हिशोब दिल्लीपर्यंत जातो

मोहल्ल्यात गटार तुंबलं की आपण नगरसेवकाला फोन लावतो. तो म्हणतो, निधी नाही. आपण म्हणतो, खाल्ला असेल. कधी ते खरंही असतं. पण मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. बिघाड दिसतो तिथेच असतो असं नाही, हे रोजच्या कामात पाहतो. म्हणून पैशाची वाट वरपर्यंत तपासू या.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला. मुंबईची जकात गेली, इतर शहरांतला उरलेला एलबीटीही गेला. नाक्यावरच्या रांगा संपल्या, हे चांगलंच झालं. पण महापालिकांच्या हातातलं कमाईचं मोठं साधन गेलं आणि त्या राज्याच्या भरपाईवर आल्या. राज्यांना केंद्राने पाच वर्षं, दरसाल १४ टक्के वाढ धरून, भरपाईची हमी दिली होती. तिची मुदत जून २०२२ मध्ये संपली.

२०२० मध्ये धंदे बसले, वसुली घसरली, राज्यांची भरपाई अडकली. अखेर केंद्राला त्यांच्यासाठी १.१ लाख कोटींचं कर्ज उचलावं लागलं. दवाखाने, पाणी, सफाई चालवायची राज्यांनी आणि पालिकांनी. कमाईच्या मोठ्या चाव्या मात्र दिल्लीत. केंद्राचं देणं बाकी असलेल्या राज्याला नवं कर्ज काढायलाही केंद्राची परवानगी लागते. मग तंगीत पहिली कात्री नव्या कामांना लागते. ठेकेदाराचं बिल थकतं, मजुराची मजुरी थकते, बाजार आणखी थंडावतो. मंदी अशी खोल जाते.

पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांना ४१ टक्के वाटा दिला. पण केंद्राचे उपकर आणि अधिभार या वाटपात धरलेच जात नाहीत. त्यामुळे एकूण वसुलीतला खरा वाटा ४१ टक्क्यांपेक्षा कमीच पडतो. बिहारला आपल्यापेक्षा जास्त मिळतं, यावर माझी तक्रार नाही. गरीब राज्याला आधार मिळायलाच हवा. तक्रार ही, की वसूल करणारा एक, खर्च करणारा दुसरा आणि जबाब देणारा कोणीच नाही.

राज्य तरी कुठे साव आहे? चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती १९९३ पासून लागू आहे. पालिकांचा वाटा ठरवायला दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमायचा, असं घटनाच सांगते. मुंबई जो न्याय दिल्लीकडे मागते, तोच तिने मालेगाव-भिवंडीला द्यायला नको?

दोस्तांनो, आपल्या पालिकेचं अंदाजपत्रक मिळवा. दोन आकडे शोधा: स्वतःचं उत्पन्न किती, वरून येणारं अनुदान किती. मग नगरसेवकाला, आमदाराला, खासदाराला ज्याचा त्याचा सवाल विचारा. गटार नगरसेवकाचं असेल. पैसा तिघांचा आहे.